तिकीट काढताना आधी विमान बघा

पनवेलकराला विमान पकडायचे म्हणजे कालपरवापर्यंत अर्धा दिवस जायचा. सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा पूल, चेंबूर, आणि पुढे सांताक्रूझपर्यंत नशिबात असेल तेवढी कोंडी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. ३,७०० मीटरची धावपट्टी, वर्षाला दोन कोटी प्रवाशांसाठी बांधलेले पहिले टर्मिनल, आणि हे सारे पनवेल नि उलव्याच्या मध्ये. ज्या दहा गावांनी यासाठी आपली घरे सोडली आणि ज्या लोकांनी विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचे नाव मिळावे म्हणून रस्त्यावर उतरून लढा दिला, त्यांचे ऋण मनात ठेवूनच तिथे पाऊल टाकावे, असे मला वाटते.

या विमानतळावर सुरुवातीलाच उतरलेल्या कंपन्यांत इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस आणि अकासा यांच्या जोडीला एक चौथे नाव होते, स्टार एअर. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची ही कंपनी. तिचे पहिले उड्डाण २५ जानेवारी २०१९ रोजी बंगळूरहून हुबळीला झाले. पहिल्या तीन कंपन्यांच्या जेट विमानांत आपण एअरबस किंवा बोइंगमध्ये बसतो, ती आपल्या सवयीची झाली आहेत. स्टार एअरच्या विमानात चढलो की आपण एम्ब्राएरमध्ये असतो. ब्राझीलची ही कंपनी १९६९ मध्ये स्थापन झाली. तिची विमाने अमेरिकेत आणि युरोपात लहान पल्ल्यासाठी रोज हजारो माणसे वापरतात, पण आपल्याकडे त्यांची ओळख फारशी नाही. म्हणून ओळखीचे लोक तिकीट हातात घेऊन विचारतात, हे छोटे विमान म्हणजे पंख्याचे का? यात हादरे फार बसतात का? आईला घेऊन जाऊ का?

माझे उत्तर असे असते की तासाभराच्या प्रवासाला मला हे विमान मोठ्यापेक्षा जास्त आवडते. मात्र त्याचा आराम मिळवायचा असेल तर काही गोष्टी तिकीट काढतानाच ठरवाव्या लागतात. आपण सगळे भाडे बघतो, वेळ बघतो आणि विमानाचा प्रकार बघतच नाही. तो आधी बघायला हवा.

कुठे बघायचा? कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा तिकिटाच्या ॲपवर उड्डाणाचा तपशील उघडला की विमानाचे नाव किंवा तीन अक्षरी संकेत दिसतो. ई७५ किंवा ई७डब्ल्यू असे असेल तर ते एम्ब्राएर १७५. ईआर४ असेल तर एम्ब्राएर १४५. एटी७ असेल तर ते एटीआर ७२, म्हणजे खरोखरच पंख्याचे विमान. हे तीन प्रकार एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. आसननकाशा बघूनही अंदाज येतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने आणि पुढे वेगळा बिझनेस वर्ग असेल तर १७५. एका बाजूला एकच आसन आणि दुसरीकडे दोन, तर १४५. आयत्या वेळी विमान बदलू शकते, त्यामुळे आदल्या दिवशी पुन्हा एकदा नजर टाकावी.

१७५ : मधली सीट नसलेले विमान

स्टार एअरच्या १७५ मध्ये ७६ आसने आहेत, पुढे १२ बिझनेस वर्गाची आणि मागे ६४ साध्या वर्गाची. आत गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येते ती रचना. आपल्या शिवनेरी बससारखी इकडे दोन, तिकडे दोन. मधली सीट नाहीच. तीन-तीनच्या विमानात मध्ये अडकून दोन्ही कोपर पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला याचे मोल कळेल. इथे प्रत्येकाला खिडकी तरी मिळते नाही तर मोकळी वाट तरी. नवरा-बायको, आई-मुलगी, दोन मित्र यांच्यामध्ये तिसरे कोणी येत नाही. चौघांचे कुटुंब एकाच रांगेत वाटेच्या दोन्ही बाजूंना बसते.

दुसरी गोष्ट सावकाश जाणवते. खिडकीशी बसले तरी खांदा भिंतीला घासत नाही. या विमानाचा छेद एकाच वर्तुळाचा नाही. एकावर एक थोडी चढलेली दोन वर्तुळे कल्पावीत, तसा तो आहे. त्यामुळे जिथे माणूस बसतो तिथे केबिन जास्तीत जास्त रुंद राहते आणि भिंत वर जाताना लगेच आत वळत नाही. केबिनची रुंदी २.७४ मीटर आणि उंची २ मीटर. उंच माणूसही ताठ उभा राहतो. एम्ब्राएर आसनाची रुंदी सव्वाअठरा इंच सांगते. बोइंग ७३७ मध्ये ती साधारण १७ इंच असते. सव्वा इंचाने काय होते, असे वाटेल, पण दंडाला तो फरक कळतो. खिडकीही मोठी आहे. मान वाकवून बाहेर बघावे लागत नाही.

आसन निवडताना या विमानाचा पंख खाली आहे हे लक्षात ठेवावे. मधल्या रांगांत खिडकीतून पंखच दिसतो. बाहेरचे बघायचे असेल तर पंखाच्या पुढच्या रांगा घ्या किंवा अगदी मागच्या. इंजिने पंखाखाली टांगलेली आहेत, त्यामुळे पुढे शांतता जास्त आणि मागे घरघर जास्त. हादऱ्यांची भीती वाटत असेल तर मात्र पंखावरच बसावे, कारण विमान वरखाली झाले की टोकांपेक्षा मध्यभाग कमी हलतो. एकाच आसनात दृश्य, शांतता आणि स्थैर्य अशी तिन्ही सुखे मिळत नाहीत. आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. माझ्या आईच्या वयाच्या माणसांसाठी मी पंखावरची, वाटेकडची जागा घेतो. स्वच्छतागृह पुढे आणि मागे दोन्हीकडे असते, म्हणून त्यासाठी शेवटची रांग धरण्याची गरज नाही.

पाय पसरायला मिळावेत म्हणून काही जण आपत्कालीन दाराची रांग शोधतात. १७५ मध्ये पंखावर आपत्कालीन दारे नाहीतच. पुढे दोन आणि मागे दोन, एवढीच दारे. तेव्हा लांब पायांच्या माणसाने साध्या वर्गाची पहिली रांग बघावी. तिथे समोर आसन नसते. पण समोर पिशवी ठेवायलाही जागा नसते, सगळे वरच्या कप्प्यात टाकावे लागते. आणि दारे मोजकीच असल्यामुळे बसल्याबरोबर आपल्या जागेपासून जवळचे दार पुढे आहे की मागे, ते एकदा बघून घ्यावे. केबिन क्रू ते हाताने दाखवतात तेव्हा मोबाइलमधून डोके वर काढावे. हे मी मनापासून सांगतो.

१४५ : एका बाजूला एकटी जागा

एम्ब्राएर १४५ ही जुनी पिढी. तिचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९९५ मधले. एम्ब्राएरचेच ब्रासिलिया नावाचे पंख्याचे विमान होते, त्याचे अरुंद धड लांब करून, मागे शेपटीजवळ दोन जेट इंजिने लावून हे बनवले. आसने ५०. केबिनची उंची १.८२ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या माणसाचे केस छताला लागतात. दारातून शिरताना तर बहुतेकांना वाकावे लागते. पहिल्यांदा बसणाऱ्याला ते फार अरुंद वाटते हे खरे आहे, आणि ज्यांना बंद जागेत जीव घाबरा होतो त्यांनी शक्य असेल तर १७५ चे उड्डाण निवडावे.

पण याच विमानात एक उत्तम जागा आहे. डावीकडची एकटी सीट. खिडकीही तुमची आणि वाटही तुमची. शेजारी कोणी नाही, उठताना कोणाला उठवायचे नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्याने ती आधीच राखून ठेवावी. पंख बराच मागे असल्याने पुढच्या रांगांतून जमीन मोकळी दिसते. इंजिने मागे असल्याने पुढची केबिन आश्चर्य वाटावे इतकी शांत असते. शेवटच्या दोन-तीन रांगांत मात्र कानाशीच गडगडाट आणि खिडकीबाहेर इंजिनाचे टोपण. इंडियन एअरलाइन्सने १९६४ पासून वापरलेल्या कॅरॅव्हेल विमानात जे बसले आहेत त्यांना हा अनुभव आठवेल. त्याचीही इंजिने शेपटीजवळच होती. १४५ मध्ये स्वच्छतागृह एकच आहे आणि तेही मागे. लहान मुले बरोबर असतील तर विमानतळावरच आटोपून घ्यावे.

या जातीच्या विमानावर भरवसा ठेवावा का, असे कोणी विचारले तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या हवाई दलासाठी डीआरडीओने बनवलेले ‘नेत्र’ हे टेहळणी विमान याच १४५ च्या धडावर उभे आहे. पाठीवर लांबट रडार बसवून ते २०१७ मध्ये हवाई दलात आले. १७५ सुद्धा भारताला अगदी नवे नाही. चेन्नईच्या पॅरामाउंट एअरवेजने २००५ पासून काही वर्षे १७० आणि १७५ विमाने दक्षिणेत चालवली होती. प्रवासी विमान ५० आसनांचे असो की ५०० चे, उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर ते सुरक्षित वर चढले पाहिजे, हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवाना मिळत नाही. लहान विमानाला त्यात सूट नसते.

सामान : इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो

मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग १७५ च्या वरच्या कप्प्यात आडवी फिरवून ठेवावी लागते, आणि फुगवून भरलेली असेल तर तशीही जात नाही. १४५ मध्ये तर कप्पे एकाच बाजूला, दोन सीटांच्या वर आहेत; एकट्या सीटवर कप्पाच नाही. त्यामुळे अशा बॅगा विमानाच्या दाराशीच घेतात, चिठ्ठी लावतात आणि खालच्या सामानात टाकतात. उतरल्यावर त्या शिडीशी मिळणार की पट्ट्यावर, हे देतानाच विचारून घ्यावे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, उलट हात मोकळे होतात. पण दाराशी मागे रांग खोळंबलेली असताना बॅग उघडून औषधे शोधणे फार अवघड जाते.

म्हणून घरी बॅग भरतानाच दोन भाग करा. खांद्याला अडकवायची एक मऊ पिशवी, जी समोरच्या आसनाखाली जाईल. तिच्यात औषधे, चष्मा, कागदपत्रे, दागिने, लॅपटॉप आणि पॉवर बँक. बाकी सगळे बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात कधीही जाता कामा नयेत, कारण त्या पेटल्या तर तिथे विझवायला माणूस पोचत नाही. दाराशी बॅग देताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. पॉवर बँक पहिल्यापासून मऊ पिशवीतच ठेवली तर विसरण्याचा प्रश्न येत नाही. आणि विमानातही ती वरच्या कप्प्यात न टाकता आपल्याजवळ, हाताला लागेल अशी ठेवावी.

कोकणातून निघणाऱ्यांसाठी एक सूचना. नारळ हातसामानात चालत नाही. तपासणीच्या टेबलावर तो सोडून द्यावा लागतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याहून परतणाऱ्यांनी आठवण म्हणून घेतलेली छोटी कट्यार किंवा कृपाण हातसामानात ठेवू नये. देशांतर्गत विमानात कृपाण बाळगण्याची सवलत फक्त शीख प्रवाशांना आहे, आणि तीही पाते सहा इंच व एकूण लांबी नऊ इंचांच्या आत असेल तर.

वेळ, ऋतू आणि खिडकीची बाजू

लहान जेटमध्ये हादरे जास्त जाणवतात का? थोडे जाणवतात. १७५ चे भरलेले वजन चाळीस टनांच्या आत असते, एअरबस ३२० चे त्याच्या जवळपास दुप्पट. त्याच झोताने हलके विमान अधिक हलणार. पण हादरे विमानापेक्षा हवेवर आणि वेळेवर जास्त अवलंबून असतात, आणि वेळ आपल्या हातात आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाटमाथा आणि त्यापलीकडचे पठार तापते, गरम हवेचे झोत वर उठतात आणि चढता-उतरताना विमान डचमळते. सकाळचे पहिले उड्डाण घेतले तर हेच आकाश शांत असते. उन्हाळ्यात सकाळच्या उड्डाणाचा आणखी एक फायदा आहे. गरम हवा विरळ असते, पंखाला कमी उचलून धरते, इंजिनाची ताकदही घटते. नांदेड, सोलापूर यांसारख्या ठिकाणी पारा चाळिशी ओलांडतो. कोल्हापूर तर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर. अशा ठिकाणच्या मर्यादित धावपट्टीवरून भर दुपारी उडताना वजन कमी ठेवावे लागू शकते, आणि मग सामान मागे ठेवण्याची किंवा उड्डाण लांबवण्याची वेळ येऊ शकते. नवी मुंबईची धावपट्टी लांब आहे, पण परतताना विमानाला त्या मर्यादित धावपट्टीवरूनच उडायचे असते.

पावसाळ्यात सकाळ-दुपार असा फरक फारसा राहत नाही. ढगांचा थर ओलांडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे डगमग होते, मग वर निळे आकाश. पट्टा पूर्ण प्रवासभर बांधून ठेवावा, एवढेच.

पहिल्यांदा जाणाऱ्याला घाबरवणारा एक क्षण आधी सांगून ठेवावा. विमान जमीन सोडून जोरात वर चढते, आणि मिनिट-दीड मिनिटात इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो. पोटात खड्डा पडल्यासारखे होते, विमान खाली चालले आहे असा भास होतो. ते खाली जात नसते. उड्डाणासाठी लावलेला पूर्ण जोर चालकाने ठरल्याप्रमाणे कमी केलेला असतो. त्याच्या थोडे आधी चाके आत घेतल्याचा धप्प आवाज येतो आणि नंतर पंखामागची झडप आत सरकतानाची घुरघुर ऐकू येते. केबिन लहान असल्याने हे सगळे आवाज जवळून येतात. कोणता आवाज कशाचा आहे हे कळले की मुलांना त्याची गंमत वाटते.

कानाचे दडे उतरताना बसतात. जेट उंचावर जाते आणि तासाभराच्या प्रवासात लगेच खालीही येते, त्यामुळे कानावरचा दाब पटापट बदलतो. उतरायला लागल्यावर घोट घोट पाणी प्यावे, लहान बाळाला त्याच वेळी दूध द्यावे. झोपलेल्या मुलाला उतरण्यापूर्वी उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावे.

आता खिडकी. स्टार एअरने नवी मुंबईहून नांदेडची सेवा जाहीर केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पनवेल-नांदेड एक्स्प्रेसने रात्रभर जाणाऱ्या माणसांना या दोन गावांमधले अंतर अंगाने माहीत आहे. पुणे, दौंड, कुर्डुवाडी, लातूर, परभणी असा तो वळसा. विमानाने तेच अंतर साधारण तासाभराचे. जाताना तोंड पूर्वेला, म्हणून डावी खिडकी उत्तरेची: ऊन कमी आणि आकाश स्वच्छ असेल, मार्ग फार वळला नाही, तर निम्म्या वाटेवर पैठणचा नाथसागर पसरलेला दिसतो. येताना तीच बाजू उजवीकडे येते. थोडक्यात नांदेडला जाताना डावी, येताना उजवी. गोव्याच्या दिशेने जाताना मात्र उजवी घ्यावी, कारण किनारा त्या बाजूला. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकामागून एक येणाऱ्या खाड्या वरून ओळखण्यात वेगळे सुख आहे. नवी मुंबईची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान पूर्वेकडे तोंड करून उडाले तर पहिल्या काही क्षणांत उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका शोधावा आणि समोरून माथेरान-प्रबळगडाची रांग जवळ येताना बघावी. पश्चिमेकडे उडाले तर उलवे, न्हावा-शेवा आणि मग बंदराचे पाणी.

एटीआरची तुलना इथे करायला हवी, कारण गोव्याची फ्लाय ९१ सारखी कंपनी तीच विमाने चालवते. एटीआरचा पंख वर असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन दिसते; उंचीही कमी, त्यामुळे गावे, नद्या स्पष्ट. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. १७५ चा ८०० च्या आसपास. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या प्रवासात या फरकाने दहा-पंधरा मिनिटेच वाचतात. ज्याला खाली बघत जायचे त्याने एटीआर आनंदाने घ्यावे. शांतता आणि ढगांच्या वरून प्रवास हवा असेल तर जेट.

विमानतळावर आणि तिकिटात

पनवेलहून विमानतळ डोळ्यांना दिसतो म्हणून उशिरा निघू नका. कळंबोली सर्कल किंवा पळस्पे फाटा अडला की जवळचे अंतरही लांबते. देशांतर्गत उड्डाणाची सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. लहान विमानाला पूल मिळेलच असे नाही. बसने विमानापर्यंत आणि मग शिडी, असे होऊ शकते. छोट्या गावांच्या विमानतळांवर तर चालतच जावे लागते. पावसात छत्री, उन्हात टोपी हाताशी ठेवावी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी, आणि एक प्रश्न नेमका विचारावा: शिडी चढता येत नसेल तर दोन्ही विमानतळांवर वर उचलून नेणारी गाडी आहे का? जाताना आहे आणि उतरताना नाही, असे व्हायला नको.

उडान योजनेचा आधार असलेल्या मार्गांवर काही आसनांचे भाडे बांधून दिलेले असते, उरलेली बाजारभावाने विकली जातात. स्वस्त आसने पहिल्यांदा संपतात, तेव्हा तारीख पक्की असेल तर थांबू नये. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, बदलते. लहान कंपन्यांचे मार्ग त्या वेळी जास्त बदलतात. लग्नाचे किंवा वर्षश्राद्धाचे तिकीट पुढच्या हंगामातले असेल तर बदल झाल्यावर पुन्हा तपासावे.

एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्यावी. कंपनीचा ताफा लहान असला की एक विमान दुरुस्तीला गेले तर त्या दिवशीची पुढची दोन-तीन उड्डाणे कोलमडतात. बदली विमान लगेच उभे करता येत नाही. हा दोष कोणा एका कंपनीचा म्हणता येणार नाही, ताफ्याच्या आकाराने तो येतोच. म्हणून परदेशी जाणारे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये चांगला अर्धा दिवस ठेवा, किंवा आदल्या दिवशीच या. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया अशा कामांना दिवसाच्या शेवटच्या उड्डाणावर अवलंबून राहू नका. एकाच तिकिटावर दोन उड्डाणे जोडून मिळत असतील तर थोडे जास्त भाडे द्यावे; कारण मग पहिले चुकले तर पुढचे सांभाळण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते.

उड्डाण रद्द झाले किंवा रखडले तर आपले हक्क ठाऊक असावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, आणि तुम्ही वेळेवर हजर असाल, तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा, यातला पर्याय तुमचा. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले तर तिकिटाच्या परताव्याशिवाय किंवा पर्यायी उड्डाणाशिवाय भरपाईही आहे: तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यात जे कमी असेल ते, एक ते दोन तासांच्या प्रवासाला त्याच हिशेबाने ७,५०० ची मर्यादा. खराब हवामान किंवा कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही, परतावा मात्र मिळतो. म्हणून काउंटरवर रद्द होण्याचे कारण लेखी मागा. तिकीट काढताना आपलाच मोबाइल क्रमांक द्या. एजंटचा दिला तर निरोप त्याच्याकडे जातो आणि कंपनी म्हणते आम्ही कळवले होते. बोर्डिंग पास, संदेश आणि कारणाचा कागद यांचे फोटो काढून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते. नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक घेऊनच पुढचा पाठपुरावा करावा.